संत्र्याच्या साली, रिठा आणि बोअरचे पाणी

प्रश्न : आमचे गाव वरूड तालुक्यात असून घरची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या तोडणीनंतर मी साली, गूळ आणि पाणी काचेच्या बरणीत घट्ट झाकून सफाईचे द्रावण करायला ठेवले, तर आठव्या दिवशी बरणीच तडकली. दुसऱ्या खेपेला द्रावण नीट तयार झाले. त्यात खाण्याचा सोडा घातला, तेव्हा भरपूर फेस आला. पण न्हाणीतल्या टाइल्सवरचा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हलला नाही आणि तेलकट कढईही निघाली नाही. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : ताई, बरणी तडकली त्या वेळी जवळ कोणी नव्हते, असे समजते आणि हायसे वाटते. गूळ आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, तो बाहेर पडायला वाट मिळाली नाही की काच फुटते. म्हणून या कामाला काच वापरूच नये. 2 लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत 1 लिटर पाणी, 300 ग्रॅम धुतलेल्या साली आणि 100 ग्रॅम गूळ घालावा, वरची जागा रिकामी ठेवावी आणि पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडावा. सुरुवातीला मोहाच्या दारूसारखा येणारा उग्र वास हळूहळू आंबट होत जातो. तीन महिन्यांनी द्रावण गाळून घ्यावे. वर पांढरी साय धरली तर चिंता नाही, मात्र काळी बुरशी आल्यास सगळे फेकून द्यावे.

आता सोड्याविषयी. तयार द्रावण आम्ल असते आणि सोडा अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. तो फेस पाहून सफाई होत आहे असे वाटते, प्रत्यक्षात दोन्ही वस्तू वाया जातात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार सुकून बसलेला पांढरा थर आम्लानेच विरघळतो. त्यासाठी द्रावणात भिजवलेले फडके थरावर अर्धा तास पसरून ठेवावे आणि मग घासावे. थर जुना असेल तर 1 लिटर कोमट पाण्यात 2 चमचे लिंबूसत्त्व घालून तेच करावे. शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी फरशीवर मात्र यांतले काहीही टाकू नये, कारण तो दगडही आम्लाने झिजतो.

कढईच्या तेलकटपणासाठी रिठा घ्यावा. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट साका बसतो. रिठ्यातील सॅपोनिनला ही अडचण येत नाही, म्हणून आपल्या भागासाठी मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफले रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवावीत, सकाळी पंधरा मिनिटे उकळावीत, कुस्करून गाळावीत आणि ते पाणी तीन-चार दिवसांत संपवावे. डोळ्यांत गेल्यास ते फार झोंबते, तेव्हा लेकरांच्या हाती देऊ नये. घरी अजून चूल पेटत असेल तर तुराटी-पऱ्हाटीची चाळलेली राखही तेल ओढून घेते. फक्त जर्मनच्या गंजाला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला, ती लावू नये, कारण राखेतला क्षार ॲल्युमिनियमला खातो. पाणी भरायच्या पितळी गुंडाला चिंच चांगली, पण घासून झाल्यावर गुंड लगेच धुऊन कोरडा करावा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा काळवंडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे द्रावण, लिंबूसत्त्व किंवा चिंच ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. संडासात ब्लीचिंग टाकले असेल, तर भरपूर पाणी ओतून ते पूर्ण वाहून जाऊ द्यावे आणि आंबट द्रावण दुसऱ्या दिवशी वापरावे.