फेअर आयलला जाण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरअखेरीस दहा दिवस फेअर आयलला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या लहानशा बेटावर, पक्षी पाहायला जायचे ठरल्याचे तुझे पत्र मिळाले आणि फार आनंद झाला. तिथे दिसू शकणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांची यादी तू मागितली आहेस, पण ती मी मुद्दामच पाठवत नाही, कारण यादी खिशात असली की डोळे तिच्यातलीच नावे शोधू लागतात, हे मी स्वतःवरून शिकलो आहे. पहिल्याच वर्षी भिंतीआड क्षणभर दिसलेल्या एका वटवट्याला मी घाईने मोठे नाव देऊन टाकले आणि त्याचे पंख, भुवई, पायांचा रंग हे काहीच वहीत उतरवले नव्हते, म्हणून तो पक्षी कोणता होता हे आता कधीच कळणार नाही. तू आधी वर्णन लिही, नाव रात्री ठरव.

रोज सकाळी सर्वांत आधी वारा पाहा. स्कँडिनेव्हियातून निरभ्र रात्री निघालेले लहान पक्षी आग्नेयेच्या वाऱ्याने उत्तर समुद्रावर पश्चिमेकडे ढकलले जातात, वाटेत पाऊस किंवा धुके लागले की त्यांना दिशा राखता येत नाही, आणि उजाडताना जी जमीन दिसेल तिच्यावर ते उतरतात. ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध असलेले, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे हे बेट अशा वेळी त्यांचा आसरा होते. तिथे झाडे जवळजवळ नाहीत. म्हणून रानात वर पाहण्याची आपली सवय सोडून दगडी गडग्यांच्या फटी, ओढ्याकाठचे गवत, ओटच्या शेताची कड आणि कड्यांमधल्या चिंचोळ्या घळी, ज्यांना तिथे ‘गिओ’ म्हणतात, त्या सावकाश न्याहाळाव्यात. लान्सिओलेटेड वॉर्बलर हा सायबेरियाकडचा छोटा वटवट्या तर गवताच्या बुंध्यातून उंदरासारखा धावतो आणि कधी कधी माणसाच्या पायांजवळून निघून जातो.

एक पक्षी मात्र तुला ओळखीचा वाटेल. लाल कंठाचा माशीमार हिवाळ्यात पुण्यातल्या बागांमध्ये शेपटी उंचावत बसतो, तोच तिथल्या कुंपणाच्या तारेवर दिसू शकतो. काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आहेत का, ते पाहा. पूर्व युरोपातून भारताकडे निघायला हवे होते असा पक्षी पश्चिमेला इतक्या दूर पाहिला, तेव्हा मला कितीतरी वेळ दुर्बीण खाली ठेवता आली नव्हती.

पण लांबूनच पाहा. गोल्डक्रेस्ट या इवल्याशा पक्ष्याचे वजन पाच-सहा ग्रॅम असते आणि समुद्र ओलांडून आल्यावर अंगात चरबी उरलेली नसते, तेव्हा छायाचित्रासाठी त्याला एकदा उडवले तरी त्याच्या खाण्याचा मोलाचा वेळ जातो. पाठलाग करणारे लोक दिसले तर त्यांच्यात सामील होऊ नकोस, मग पक्षी कितीही दुर्मीळ असो.

संध्याकाळी पक्षीनिरीक्षण केंद्रात दिवसभर दिसलेल्या पक्ष्यांचे नोंदवाचन होते, ते मात्र चुकवू नकोस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना जॉर्ज वॉटरस्टन या पक्षीनिरीक्षकाने या केंद्राचे बेत आखले, ते १९४८ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासूनच्या नोंदींच्या आधारे आज तिथल्या पक्ष्यांमधले बदल समजतात. २०१९ मध्ये केंद्राची इमारत आगीत जळाली, पण संगणकावर आधीच उतरवलेल्या नोंदी वाचल्या. नोंदवाचनात प्रत्येक जातीचे नाव पुकारले जाते आणि ज्याने त्याने आपापला आकडा सांगायचा असतो; मेडो पिपिटसारख्या रोजच्या पक्ष्याचा आकडा तिथे दुर्मीळ पक्ष्याइतक्याच गांभीर्याने लिहिला जातो, आणि मला स्वतःला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेव, कारण धुके उतरले की छोटे विमान येत नाही आणि समुद्र खवळला की बोट सुटत नाही. पहिल्या दिवशी किती मेडो पिपिट मोजलेस, ते मला कळव.

तुझा,
काका