घरी रेकॉर्ड केलेले अहिराणी गाणे मिक्सिंगला पाठवण्याआधी काय तयारी करावी?

तुम्ही जळगावात घरीच कानबाई या खानदेशातल्या देवीचे गाणे रेकॉर्ड केले आहे आणि ढोलकी, हार्मोनियम, मुख्य आवाज व बायकांचा कोरस असे अकरा ट्रॅक (वेगवेगळी रेकॉर्डिंग) पुण्याच्या मिक्सिंग इंजिनियरकडे, म्हणजे हे सगळे आवाज जुळवून एक गाणे करणाऱ्याकडे, कसे पाठवावेत, असे विचारले आहे. मी धुळ्यात राहून गाणी बाहेर मिक्सिंगला देत असतो, त्या अनुभवावरून सांगतो.

प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत एक्सपोर्ट करावा. कोरस दुसऱ्या मिनिटाला येत असला, तरी त्याआधीची शांतता फाइलीत राहू द्यावी, म्हणजे सर्व फाइली एकाखाली एक ठेवताच आपोआप जुळतात. फॉरमॅट २४ बिट वेव्ह (.wav) असावा आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) रेकॉर्डिंगच्या वेळी होता तोच ठेवून कळवावा. ४८ किलोहर्ट्झची फाइल चुकून ४४.१ म्हणून वाजली, तर लय मंदावते आणि काळी चार पट्टीतले गाणे थेट पांढरी पाचच्याही खाली उतरते.

मास्टरवरचा (एकत्रित आवाजावरचा) लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपुढे न जाऊ देणारा इफेक्ट, काढून टाकावा आणि प्रत्येक ट्रॅकचे पीक (सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी) उणे ६ डीबीच्या आसपास असावे. मात्र ढोलकीची थाप रेकॉर्ड होतानाच फाटली असेल, तर नंतर आवाज कमी करून ती सुधारत नाही. ती पुन्हा वाजवून घेणेच बरे. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) शक्यतो काढावा. एखादा इफेक्ट तुम्हाला गाण्याचा भागच वाटत असेल, तर साधी आणि इफेक्टची अशा दोन्ही फाइली द्याव्यात.

साफसफाई मात्र तुमचीच आहे, कारण काय हवे आणि काय नको हे तुम्हालाच ठाऊक असते. खोकला, कागदांची सळसळ आणि नको असलेले टेक (एकच भाग पुन्हा पुन्हा गायलेली रेकॉर्डिंग) काढावेत, जोडांवर छोटा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा हळूच सुरू होणे) द्यावा आणि आवाजाचे पाच टेक पाठवून निवड इंजिनियरवर ढकलू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून गाणे कठीणच. पण त्याची घरघर सॉफ्टवेअरने जास्त पुसली की आवाज पत्र्यासारखा होतो, म्हणून मूळ फाइलही सोबत द्यावी. याउलट, कोरसमध्ये टाळ्यांबरोबर येणारी बांगड्यांची किणकिण तुम्हाला हवी असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर ती दोष समजून काढली जाईल.

फाइलींना ‘ऑडिओ १४’ऐवजी ‘०३ ढोलकी डावी’ अशी नावे द्यावीत. सोबत तुमचा कच्चा मिक्स, पट्टी, लय आणि अहिराणी शब्दांचा कागद असावा. ऐकणाऱ्याला अहिराणी येत नसेल, तर कोणता शब्द दबतो आहे हे त्याला कागदावरूनच कळेल.

व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नये, त्यात दर्जा घसरतो. ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांच्या अकरा ट्रॅकना ४७५ एमबीच्या आसपास जागा लागेल. झिप करून ड्राइव्हवर टाकावे. त्याआधी एका कोऱ्या प्रोजेक्टमध्ये सर्व फाइली शून्यावर ठेवून गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच लिंक पाठवावी.