वाहनप्रश्न : क्लच पायाखाली नाही, पण गाडीत आहे

प्रश्न : माझी एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप पडणाऱ्या) गिअरची छोटी हॅचबॅक सात वर्षांची असून ६२,००० किलोमीटर चालली आहे. मी साताऱ्यात राहतो आणि मुलगी पाचगणीला असल्याने महिन्यातून तीन-चार वेळा पसरणी घाट चढावा लागतो. गेल्या पावसाळ्यापासून घाटात थांबून पुन्हा निघताना गाडी आधी मागे घसरते, मग हिसका देऊन पुढे जाते आणि कधी कधी जळका वास येतो. पहिल्यातून दुसरा गिअर पडताना मोठा झटका बसतो. दोनदा तर सिग्नलला उभी असताना गाडी आपोआप न्यूट्रलला गेली, 'एन' लुकलुकू लागला आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावरच गिअर पडला. सर्व्हिस सेंटरने 'अ‍ॅक्च्युएटर गेला, पूर्ण किट बदलावे लागेल' असे सांगून ७८,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. एवढा खर्च करावा की गाडी विकून टाकावी?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपण दोन्हींपैकी काहीच घाईने करू नये, कारण आपल्या पत्रातील तक्रारी एकाच बिघाडाच्या असाव्यात असे मला वाटत नाही. घसरणे, हिसका आणि जळका वास ही क्लचची लक्षणे आहेत. आपोआप न्यूट्रल होणे ही बहुधा विजेच्या जोडणीची भानगड आहे.

आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी छोट्या गाड्यांत आले आणि तेव्हापासून विक्रेत्यांनी त्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणायला सुरुवात केली. त्या एका शब्दाने ग्राहकांची जितकी दिशाभूल केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. या गाडीत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तीच असतात; फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्या पायाहाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो. त्यामुळे मॅन्युअल गाडीची क्लच प्लेट जशी झिजते तशी हीही झिजणार. मॅन्युअलमध्ये पेडल वर येऊ लागले की चालकाला कळते. इथे पेडलच नसल्यामुळे झीज वासातून आणि हिसक्यातूनच समजते.

घाटात आपण गाडी कशी धरून ठेवता हे पत्रात लिहिलेले नाही, पण अंदाज बांधता येतो. पुढची एसटी वळणावर थांबली की पुष्कळ चालक ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून ओढ पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत हे थोडा वेळ खपून जाते. एएमटीत मात्र त्या वेळी क्लच अर्धवट जुळलेला असतो आणि प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर घासत, तापत राहते. आपल्याला आलेला वास तिचाच. चढावर थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा, हँडब्रेक ओढावा आणि निघताना अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडीने पुढे ओढ घेतल्याचे जाणवले की मगच हँडब्रेक सोडावा. मॅन्युअल गाडी शिकताना आपण हेच शिकलो होतो. पसरणी घाटासारख्या चढावर 'डी'ऐवजी 'एम' (हाताने गिअर बदलण्याची स्थिती) निवडून दुसरा गिअर धरून ठेवावा, म्हणजे दुसरा-तिसरा-दुसरा ही गिअरची ओढाताण टळते. उतरतानाही तोच गिअर इंजिनाचा ब्रेक म्हणून उपयोगी पडतो.

आता तपासणीचा क्रम. प्रथम बॅटरी पाहावी. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळायला हवेत; १२.४ च्या बरेच खाली असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण व्होल्टेज पडले की संगणक सुरक्षिततेसाठी गिअर सोडून देऊ शकतो. बॅटरीइतकेच तिच्या अर्थिंगकडे लक्ष द्यावे. कराडच्या एका गॅरेजात अशीच 'एन' लुकलुकणारी गाडी सहा दिवस उभी होती आणि नव्या अ‍ॅक्च्युएटरची ऑर्डर देण्याची तयारी झाली होती. मी बॅटरीचा ट्रे उचलायला सांगितला, तेव्हा खाली बॉडीला जोडलेल्या अर्थच्या वायरीच्या टोकावर हिरवट पांढरा गंज पोळ्यावर मेण जमावे तसा जमला होता. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून, ग्रीस लावले; गाडी त्याच दिवशी घरी गेली.

त्यानंतर ब्रेकच्या दिव्याचा स्विच. ब्रेक दाबला आहे की नाही हे संगणकाला ब्रेक पेडलवरच्या स्विचवरूनच कळते, आणि ती खात्री पटल्याशिवाय तो गिअर टाकत नाही. घरातील कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करून आपण ब्रेक वीस वेळा दाबावा आणि दिवे प्रत्येक वेळी लागतात का ते मोजायला सांगावे. एकदाही चुकले तर स्विच बदलावा. तो स्वस्त असतो. मात्र दिवे नेमाने लागले म्हणून स्विच निर्दोष ठरत नाही, कारण बऱ्याच स्विचांत दोन संपर्क असतात आणि दिव्याचा संपर्क चांगला असूनही संगणकाकडे जाणारा खराब असू शकतो. तो मेकॅनिकने मीटर लावूनच तपासावा.

एवढे झाल्यावरच अ‍ॅक्च्युएटरकडे वळावे. आपल्या गाडीत तो तेलाच्या दाबावर चालत असेल, तर चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडताच छोट्या पंपाची घुमघुम काही क्षण ऐकू येत असेल. तो आवाज थोडा वेळ होऊन थांबला पाहिजे. किल्ली चालू ठेवून, गाडी जागच्या जागी उभी असताना पंप दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतो आहे किंवा दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर कमजोर झाला आहे. तोही शक्य असेल तिथे सुटा बदलावा, पूर्ण किट नव्हे. सर्व्हिस सेंटरकडून स्कॅनरवर दिसलेले दोषांचे कोड आणि क्लचच्या झिजेचे वाचन लेखी मागावे. 'किट गेले' हे ज्याला लिहून देता येत नाही त्याच्या हाती ७८,००० रुपये देऊ नयेत.

माझा अंदाज असा, की आपल्याला क्लच सेट बदलावा लागेल, बाकी काम किरकोळ निघेल, आणि एकूण खर्च सांगितलेल्या रकमेच्या बराच खाली राहील. मात्र क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून संगणकाला नव्या प्लेटची जुळण्याची जागा शिकवावी लागते. ही शिकवणी न दिल्यास नवा क्लच जुन्या अंदाजाने चालवला जातो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरचा झटका तसाच राहतो. मग ग्राहक म्हणतो, 'पैसे गेले आणि हिसका राहिला.' गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ही शिकवणी आपल्यासमोर करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गाडीला पाच वर्षे झाली आहेत. थांब्यावरून निघताना दहा ते वीसच्या वेगात ती थरथरते. गिअर ऑइल कधीच बदलायचे नसते असे शोरूममध्ये सांगितले होते, तर ओळखीचा मेकॅनिक कोणतेही ऑटोमॅटिकचे ऑइल भरू म्हणतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही नाही. सीव्हीटीमध्ये पोलादी पातळ चकत्यांचा पट्टा दोन शंकूच्या आकाराच्या पुल्यांमध्ये दाबाने धरलेला असतो आणि सगळी ओढ त्या पकडीवर, तेलाच्या पातळ थरातून जाते. त्यामुळे पकड सांभाळणारे, सीव्हीटीसाठीच बनवलेले तेल लागते. साधे ऑटोमॅटिकचे तेल भरले तर पट्टा घसरून पुल्यांवर ओरखडे पडू शकतात आणि ते पुन्हा घासून बसवता येत नाहीत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत शहरी कोंडीसाठी तेल बदलण्याची मुदत वेगळी दिली आहे का ते पाहावे, आणि दिली असल्यास तीच पाळावी. तेलाची पातळीही ठरावीक तापमानाला मोजावी लागते, म्हणून हे काम रस्त्याकडेच्या टपरीवर करू नये.

तेलाआधी मात्र एक चाचणी घरीच करता येईल. एसी चालू ठेवून, ब्रेक दाबून गाडी 'डी'मध्ये उभी करावी. उभ्या गाडीतही थरथर जाणवत असेल आणि 'एन'ला टाकताच शमत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग (ज्यावर इंजिन बसते ते आधार) किंवा आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल) तपासावे. थरथर फक्त गाडी हलतानाच येत असेल, तर गिअरबॉक्सचा संशय धरावा.

प्रश्न : आमच्या घराचा उतार तीव्र आहे. ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये लावली, की सकाळी लिव्हर ओढायला जोर लागतो आणि 'खट्' असा मोठा आवाज होतो. हा बिघाड आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बिघाड नाही, लावण्याची सवय आहे. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक लहानसा खिटा दात्यात अडकतो आणि आपण ब्रेक सोडताच गाडीचा सगळा भार त्या एका खिट्यावर येतो. थांबल्यावर पायाचा ब्रेक दाबून 'एन' करावे, हँडब्रेक पक्का ओढावा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यावी आणि ती बसल्यावर ब्रेक पुन्हा दाबून 'पी' टाकावा. सकाळी निघताना उलट क्रम ठेवावा : आधी पायाचा ब्रेक दाबून 'पी' काढावा आणि हँडब्रेक सर्वांत शेवटी सोडावा. बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच. त्या चढाकडे तोंड करून लावताना 'डी'मध्ये, उताराकडे तोंड असताना 'आर'मध्ये ठेवून इंजिन बंद करावे आणि हँडब्रेक ओढावा. आपली मंडळी या गाड्या 'एन'ला ठेवून निघून जातात, आणि पावसात घसरणीवर मग फक्त हँडब्रेकची तार तेवढी गाडी धरून असते.