वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरे : स्क्रमची पहिली ओळ

प्रश्न : गुरुजी, २०२२ सालचा आयर्लंड-इटली रग्बी सामना मोबाईलवर पाहिला. इटलीचा हुकर (पहिल्या ओळीतला मधला गडी) जखमी झाला, त्याच्या जागी आलेल्याला लाल कार्ड मिळालं आणि इटलीला १५ ऐवजी १३ जणांनिशी खेळावं लागलं. बाकावर एवढे धिप्पाड गडी बसलेले असताना त्यातला एखादा पुढे का उभा केला नाही? माझा धाकटा भाऊ कुस्ती करतो, वजन ९८ किलो. अमरावतीला शिकायला गेलाय आणि रग्बीत पहिल्या ओळीत खेळायचं म्हणतो. जाऊ द्यावं का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या गोठ्यात बैलजोडी असेल तर अर्धं उत्तर तिथंच आहे. जो बैल पाच वर्षं जुवाच्या उजव्या अंगाला चालला, त्याला एका सकाळी डाव्या अंगाला जुंपून बघा. बैल तोच, ताकद तीच, पण तास वाकडं जातं. आमच्याकडे एका पावसाळ्यात डावा बैल आजारी पडला. वडिलांनी शेजाऱ्याचा आणला, तोही नेमका उजव्या अंगाचा निघाला. दुपारपर्यंत अर्धा एकरसुद्धा डवरून झालं नाही आणि त्या पाहुण्या बैलाची खांद सोलून निघाली.

स्क्रमचं तसंच आहे. थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायला दोन्हीकडचे गडी वाकून, एकमेकांना धरून आठ विरुद्ध आठ भिडतात, पण सगळा रेटा येतो पुढच्या तिघांच्या मानेवर. डावीकडे लूजहेड प्रॉप, मधे हुकर, उजवीकडे टाइटहेड प्रॉप. लूजहेडच्या डोक्याची बाहेरची बाजू मोकळी असते. टाइटहेडचं डोकं मात्र समोरचा प्रॉप आणि हुकर यांच्या मधे रुतलेलं, म्हणजे दोघांचा भार त्याच्या एकट्यावर. पकडही उलटी. लूजहेडचा डावा हात समोरच्याच्या हाताच्या आतून जातो, टाइटहेडचा उजवा हात बाहेरून. हुकरचे तर दोन्ही हात प्रॉपच्या अंगाभोवती गुंतलेले, आणि त्या दाबात एका पायावर तोल धरून दुसऱ्या पायानं चेंडू मागे ओढायचा. बाकावरच्या आडदांड फ्लँकरला, म्हणजे स्क्रमच्या मागच्या कडेला जोडणाऱ्या गड्याला, हे ऐन वेळी सांगून जमत नाही.

म्हणून २३ जणांच्या संघात पहिल्या ओळीचे किमान सहा जण लागतात, प्रत्येक जागेला एक बदली. तयार माणूस उरला नाही की रेफ्री बिनरेट्याचा स्क्रम लावतो आणि त्या संघाचा आणखी एक गडी कमी होतो. ही शिक्षा नसती तर स्क्रममध्ये मार खाणारा संघ खोटं दुखणं काढून रेटा थांबवेल. इटलीचे १३ झाले ते असे, सामना ५७-६ असा गेला. नियम कठोर वाटतो, पण मी त्याच्याच बाजूचा आहे. प्रश्न मानेच्या मणक्याचा आहे.

देशाच्या संघाकडे तयार राखीव गडी किती, ते इथंच कळतं. २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना ओढावा लागला. समोर दक्षिण आफ्रिकेनं मध्यंतरानंतर लगेच दोन्ही प्रॉप बदलले. त्यांचा हुकर तर आधीच बदलला होता. दमलेल्या मानेसमोर ताजी मान. ३२-१२. पण त्याच आफ्रिकेला २०२३ मध्ये धाप लागली. हुकर माल्कम मार्क्स स्पर्धेतच जखमी झाला, त्याच्या जागी त्यांनी हुकर न घेता किक मारणाऱ्या पोलार्डला बोलावलं. अंतिम सामन्याच्या सुरुवातीलाच दुसरा हुकर म्बोनाम्बीही जखमी होऊन बाहेर गेला. मग ३७ वर्षांचा डिऑन फूरी उरलेला सगळा सामना हुकर म्हणून खेळला. तो बरीच वर्षं फ्लँकर म्हणून खेळत होता, पण तरुणपणी हुकर होता, म्हणून निभावलं. १२-११, एका गुणानं.

आता तुमचा भाऊ. जाऊ द्या, पण घाई नको. कुस्तीनं मान आणि कंबर तयार झालेली असते, खाली वाकून उभं राहायची सवय असते. अडचण एवढीच की पहिलवान समोरच्याला वळवतो, खाली खेचतो. स्क्रममध्ये दोन्हीला दंड आहे आणि दोन्ही धोक्याचं आहे. पाठ सरळ, खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, नजर वर.

एका शिबिरात नेहमीचा टाइटहेड आला नाही म्हणून मी एका शंभर किलोच्या मुलाला उभं केलं. क्राउच, बाइंड, सेट, म्हणजे वाका, धरा, भिडा, हे इशारे झाले. तिसऱ्या स्क्रमला त्याचे पाय मागे घसरले आणि सगळी रास त्याच्यावर कोसळली. पंधरा दिवस त्याला मान वळवता येत नव्हती. चूक माझी होती, आणि त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी शिकवायचा एकच क्रम ठेवला. आमच्याकडे स्क्रमच्या सरावाचं मशीन नव्हतं, म्हणून बंडीच्या मागच्या फळीला कापसाची गाठोडी बांधून मुलं रेटा शिकली. आधी बंडी, मग एकास एक, मग तिघांस तीन, आणि आठ सगळ्यात शेवटी. भावाला सांगा, प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी विचार, ‘माझी बाजू कोणती?’ आणि दोन वर्षं तीच धरून राहा. आपल्याकडे सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, जास्त खेळतात, तिथं स्क्रममध्ये तिघंच असतात; सुरुवातीला ते बरं. तो १९ च्या आतला असेल तर त्या वयोगटात दीड मीटरपुढे रेटायला परवानगीच नाही, हेही घरच्यांना सांगा.

प्रश्न : स्क्रममुळे कान कायमचे सुजतात का?
— एक आई, ता. मोर्शी

उत्तर : पहिलवानांचे होतात तसेच होतात. घासून घासून कानात रक्त साकळतं. सूज आल्याबरोबर डॉक्टरांकडून ते काढून घ्यावं. दिवस गेले की तो भाग कडक होतो आणि तसाच राहतो. स्क्रम-कॅप, म्हणजे कान झाकणारी मऊ टोपी, घातली तर कान वाचतात. मेंदूला मार बसू नये म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नका.