कांद्यावरचं पुस्तक नाही, मग ग्रंथालयात शोधायचं काय?

प्रश्न : मॅडम, मी अर्थशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. प्रकल्पासाठी ‘निर्यातबंदीचा कांद्याच्या भावावर झालेला परिणाम’ हा विषय घेतलाय. आमच्या घरी कांदाच पिकतो. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली त्या दिवशी वडील भरलेला ट्रॅक्टर तसाच परत घेऊन आले होते. सर म्हणाले, मोबाइलवरचं उतरवून आणू नका, ग्रंथालय वापरा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन कांद्यावरचं पुस्तक मागितलं, तर ‘नाही’ म्हणाले. दीड महिना उरलाय. विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी, चांदवड तालुका

उत्तर : विषय बदलू नकोस. परत आलेला ट्रॅक्टर जिनं डोळ्यांनी पाहिला, तिनंच हा विषय करावा.

तालुक्याच्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. ‘अमुक विषयावरचं पुस्तक आहे का?’ हा प्रश्न रोज कानावर यायचा, आणि काउंटरवरच्या शिपायानं ‘नाही’ म्हटलं की पोरं निघून जायची. तुझंही तसंच झालं. अगं, कांद्याचं अर्थशास्त्र एका पुस्तकात बसलेलं नसतं. ड्यूई पद्धतीनं, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देऊन लावलेल्या ग्रंथालयात कांद्याची लागवड ६३५ च्या कपाटात, शेतमालाचं उत्पादन आणि भाव ३३८ मध्ये, निर्यात ३८२ मध्ये. तीन कपाटं, तीन कोपरे. उद्या गेलीस की शिपायाला नको, थेट ग्रंथपालांना भेट आणि सांग, ‘मला २०१९ ते २०२४ या काळातले लासलगावचे भाव आणि आवक हवी आहे, आणि निर्यातबंदीवर लिहिलेले लेख हवेत.’ एवढं नेमकं मागितलंस की ग्रंथपाल खुर्चीतून उठतात. मी तरी उठायचे.

आता जरा थांबून मूळ प्रश्नाकडे बघू, कारण तुझा प्रकल्प तिथंच उभा राहील किंवा पडेल. बंदीच्या आदल्या आठवड्याचा भाव आणि नंतरच्या आठवड्याचा भाव शेजारी मांडून ‘बंदीमुळे भाव पडला’ असं लिहायचा मोह तुला होणार. पण बंदी येते तीच मुळी भाव चढल्यावर. २९ सप्टेंबर २०१९ ची आणि १४ सप्टेंबर २०२० ची, दोन्ही बंद्या सप्टेंबरातल्या. चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये ठेवलेला उन्हाळी कांदा सरत आलेला आणि नवा लाल कांदा अजून बाजारात यायचा, असे ते दिवस. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये लाल कांद्याची आवक वाढत होती. म्हणजे बंदी आली नसती तरी भाव थोडाफार उतरलाच असता. किती उतरला असता, हा तुझा खरा प्रश्न. आणि २०१९ चं साल नीट बघ. बंदी असूनही भाव चढतच गेले. पावसानं खरिपाचा कांदा शेतातच सडला होता आणि डिसेंबरात शहरांमध्ये किरकोळ भाव किलोला शंभराच्या वर गेला. ‘बंदी आली की भाव पडतो’ हे वाक्य त्या वर्षी टिकत नाही. म्हणून ज्या वर्षी बंदी नव्हती त्या वर्षीचे तेच आठवडे तुलनेला घे. २०२१ आणि २०२२ घेता येतील.

आकडे कुठं मिळतील? रोजचे भाव कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर आहेत. ते मोबाइलवरून घेतलेस तरी सर रागावणार नाहीत, कारण ती मूळ नोंद आहे. तिथं किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिसतील. सर्वसाधारण दर घे, आणि लाल व उन्हाळी यांची नोंद एकात मिसळू नकोस. एक प्रसंग सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं वर्षभराची सरासरी काढली, ती फारच कमी यायला लागली. दोन दुपारी आम्ही डोकं खाजवत बसलो. शेवटी लक्षात आलं, लिलाव बंद असलेल्या दिवशी त्यानं भाव शून्य लिहिला होता. दिवाळी, अमावास्या, व्यापाऱ्यांचा बंद, सगळीकडे शून्य. बाजार बंद म्हणजे रकाना मोकळा, शून्य नव्हे. तुझ्या अभ्यासाच्या काळात तर हे फार जपायला हवं, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागल्यावर आणि पुन्हा सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते.

हे बंदचे दिवस कळतात वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतून, आणि इथं तुझ्या ग्रंथालयाशी स्पर्धा करणारं काही नाही. फायली बहुधा वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत धूळ खात असतात. मागून घे. प्रत्येक बंदीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस वाच, पहिल्या पानापेक्षा जिल्ह्याचं पान आणि बाजारभावाचा कोपरा. आवक का घटली, कुणी कोणतं कारण सांगितलं, पाऊस कुठं झाला, हे एका ओळीच्या बातमीतच सापडतं.

संदर्भ विभागात राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ असेल, दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी निघते, मराठीतही असते. त्यांचंच नाशिक जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ विचार. क्षेत्र आणि उत्पादनाचे तक्ते त्यात बघ, आणि तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय आकडा उतरवू नकोस. ‘अस्थायी’ असं लिहिलेला आकडा पुढच्या वर्षीच्या अंकात बदललेला असतो. शक्यतो नंतरच्या अंकातला घे.

लेखांसाठी ग्रंथपालांकडून एन-लिस्टचा लॉगिन माग. नियतकालिकं आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायची इन्फ्लिबनेटची ही सोय कॉलेजांसाठी आहे आणि कितीतरी मुलांना तिचा पत्ताच नसतो. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतलेही. अख्खा प्रबंध वाचत बसू नकोस. पूर्वसंशोधनाचं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची उघड. रिझर्व्ह बँकेचा टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्या महागाईवरचा २०२४ चा अभ्यास जरूर बघ. ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, असा त्यातला अंदाज आहे. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगासाठी बंगळुरूच्या एका संस्थेनं केलेला कांदा बाजारांचा २०१२ चा अभ्यासही आहे. एका चांगल्या लेखाची संदर्भसूची हाती लागली की पुढच्या दहा लेखांची नावं आपोआप मिळतात.

वेगवेगळ्या वर्षांचे भाव शेजारी ठेवण्याआधी महागाईचा परिणाम काढून टाक. २०१९ चे हजार रुपये आणि २०२४ चे हजार रुपये सारखे नव्हेत. त्या-त्या वेळच्या भावाला घाऊक किंमत निर्देशांकानं भागायचं असतं. सरांना एकदा करून दाखवायला सांग, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच ग्रंथालयात मिळणार नाही. वडिलांकडच्या जुन्या हिशोबपट्ट्या. तारीख, वजन, दर, हमाली-तोलाई कापून हातात आलेली रक्कम, सगळं त्यावर असतं. त्याच दिवशीचा बाजार समितीचा सर्वसाधारण दर शेजारी लिही. दहा पट्ट्या जरी सापडल्या तरी स्वतंत्र प्रकरण होईल. मात्र ‘हा एका शेतकऱ्याचा अनुभव आहे’ असं तिथं स्पष्ट लिही, त्यावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नकोस. वडिलांना विचारूनच पट्ट्या वापर.

काम अडलंच तर एक दिवस पुण्याला जा. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासूनची. तिथल्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगिळांचं नाव आहे. आधी फोन कर, प्राचार्यांचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेव, आणि काय बघायचं याची यादी घरूनच करून ने.

प्रश्न : संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, झेरॉक्सची रांग मोठी. फोटो काढले तर चालतील का?
– एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : ग्रंथपालांना विचारून काढ, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. पण तक्त्याच्या आधी मुखपृष्ठाचा आणि प्रकाशनवर्ष छापलेल्या पानाचा फोटो काढायचा, मग तक्ता, मग त्याखालची टीप. नाहीतर महिन्याभरानं मोबाइलमध्ये चाळीस तक्ते असतात आणि कुठला कोणत्या सालचा ते कळत नाही. ग्रंथालय सोडण्यापूर्वी एकदा मोठा करून बघ, शेवटचा रकाना पानाच्या घडीत गेलेला असतो.