‘आळशी अस्वल’ म्हणावे का?

पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीने आपल्याकडच्या काळ्या अस्वलाचे नाव पुस्तकात ‘आळशी अस्वल’ असे छापलेले पाहिले आणि दोन प्रश्न विचारले : ‘अस्वल’ हा शब्द ‘अश्व’ या शब्दावरून आला का, आणि हे अस्वल खरोखरच आळशी असते का?

अश्वाचा येथे काहीही संबंध नाही. अमरकोशात अस्वलाची नावे ‘ऋक्षाच्छभल्लभल्लूकाः’ अशी एका दमात सांगितली आहेत. संधी सोडवला की ऋक्ष, अच्छभल्ल आणि भल्लूक असे तीन शब्द हाती येतात. त्यांतल्या अच्छभल्लाशी आपले अस्वल जोडले जाते. ‘अच्छ’ हे ‘ऋक्ष’चेच बोलीतले रूप आणि ‘भल्ल’ म्हणजेही अस्वल, त्यामुळे आपण नकळत एकाच प्राण्याचे नाव दोनदा घेतो. प्राकृतातल्या ‘च्छ’चा मराठीत ‘स’ होणे नवे नाही, कारण ‘मच्छ’चा ‘मासा’ असाच झाला आहे. जुन्या मराठीत अस्वलाला ‘रीस’ असेही म्हणत. तो शब्द सरळ ‘ऋक्ष’वरून आलेला आणि हिंदीतल्या ‘रीछ’चा भाऊ, हिंदीतला ‘भालू’ मात्र ‘भल्लूक’च्या घरचा.

आता आळसाविषयी. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1791 मध्ये या प्राण्याचे वर्णन केले, तेव्हा लांब नख्या आणि दातांची ठेवण पाहून त्याला हा अमेरिका खंडात झाडाला लटकून राहणाऱ्या ‘स्लॉथ’चा नातलग वाटला. चूक पुढे ध्यानात आली, तरी इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. इंग्रजीत ‘स्लॉथ’चा दुसरा अर्थ आळस. आपल्या भाषांतरकाराने प्राण्याचे नाव सोडून तो दुसरा अर्थ उचलला, आणि एका जुन्या चुकीवर नवी चूक चढली.

ज्या दातांनी शॉची फसगत झाली, ते मुळात पाहण्यासारखे आहेत. या अस्वलाला वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतात. ते नख्यांनी वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, फुंकर मारून माती उडवते आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घेते. बशीतला चहा फुरकावा तसा, पण कितीतरी मोठा आवाज होतो आणि रात्री तो रानात दूरवर ऐकू जातो. हिवाळाभर गुहेत झोपून राहण्याची चैनही त्याला ठाऊक नाही. मोहाची फुले गळू लागली की ते त्यांच्या मागे फिरते, आणि मादी पिल्लांना पाठीवरच्या लांब केसांत बसवून हिंडते. मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात राहणाऱ्या या कष्टाळू प्राण्याला आळशी ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

तेव्हा मुलांच्या पुस्तकात या चित्राखाली नुसते ‘अस्वल’ लिहावे. मराठीत हा शब्द उच्चारला की हेच काळे, झिपरे, छातीवर पांढरट खूण असलेले जनावर डोळ्यांपुढे येते. विशेषण लावायचेच असेल तर ते हिमालयातल्या तपकिरी किंवा ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलाला लावावे.