पॉलिसी डिबेटमध्ये नवीन मुलीने सगळ्यात आधी काय शिकावं?

तुमच्या मुलीने अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये पॉलिसी डिबेट, म्हणजे सरकारी धोरणावरची वादस्पर्धा, घेतलंय, पहिली स्पर्धा तोंडावर आलीय आणि समोरची मुलं इतकी भरभर बोलतात की तिला काही कळत नाही. तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी या फेऱ्यांना परीक्षक म्हणून बसतो, तेव्हा त्या खुर्चीतून दिसतं ते सांगतो. वेगाचं नंतर बघता येईल. आधी तिला फ्लो करायला शिकू द्या.

फ्लो म्हणजे फेरीची टिपणं. कागदावर उभे रकाने आखायचे, एका भाषणाला एक रकाना. प्रत्येक मोठ्या मुद्द्याला वेगळा कागद आणि दोन बाजूंना दोन रंगांची पेनं. मुद्दा आला की लिहायचा, त्याचं उत्तर शेजारच्या रकान्यात त्याच ओळीत. उत्तराची जागा कोरी राहिली की तो मुद्दा 'ड्रॉप' झाला, म्हणजे तुम्हाला तो मान्य आहे असं धरलं जातं. निकाल देताना मी हाच कागद समोर घेतो. बोलण्याच्या शैलीला गुण मिळतात, पण ते वेगळे.

फेरीचा साचा सोपा आहे. दोन-दोन जणांचे दोन संघ. चौघांनाही एकेक ८ मिनिटांचं मांडणीचं भाषण आणि एकेक ५ मिनिटांचं खंडनाचं. मांडणीच्या प्रत्येक भाषणानंतर ३ मिनिटं क्रॉस-एक्स, म्हणजे प्रश्नोत्तरं. सुरुवात आणि शेवट अफर्मेटिव्हकडे, म्हणजे विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या संघाकडे; विरोधात बोलणारा संघ निगेटिव्ह. खंडनात नवे मुद्दे काढायचे नाहीत.

विषय मात्र वर्षभर एकच असतो, आणि मला या प्रकारात सगळ्यात जास्त हेच आवडतं, कारण पोरं खरोखर खोलात जातात. २०१८-१९चा विषय होता, कायदेशीर स्थलांतरावरचे निर्बंध अमेरिकी सरकारने बरेच कमी करावेत. समजा अफर्मेटिव्हने योजना मांडली: एच-१बी व्हिसाची वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० ही मर्यादा उठवा. त्यांना दाखवावं लागतं की आज नुकसान होतंय, मर्यादा कायद्यातच असल्यामुळे ते आपोआप थांबणार नाही, आणि योजनेने ते थांबेल. काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, हे मंजूर करेल का, हा वाद इथे नसतो; मंजूर झालं असं धरूनच चालायचं.

निगेटिव्ह म्हणेल, एच-१बी तात्पुरता व्हिसा आहे, त्याला स्थलांतर म्हणताच येत नाही, त्यामुळे योजना विषयाबाहेर. ही झाली टॉपिकॅलिटी. किंवा डिसअ‍ॅडव्हान्टेज आणेल: आज पगार टिकून आहेत, योजनेने ते घसरतील, त्यातून अमुक अनर्थ होईल. याला उत्तर देताना नवी मुलं साखळीतल्या सगळ्या दुव्यांवर थोडंथोडं बोलतात. त्यापेक्षा एकच दुवा नीट तोडावा. पगार आधीच घसरताहेत हे पुराव्यानिशी दाखवलं, तर दोष योजनेवर येत नाही.

सगळ्यात अवघड भाषण अफर्मेटिव्हचं पहिलं खंडन. त्याआधी निगेटिव्हचं ८ मिनिटांचं दुसरं भाषण आणि ५ मिनिटांचं पहिलं खंडन लागोपाठ होतं. त्या १३ मिनिटांना ५ मिनिटांत उत्तर द्यायचं! फ्लो नीट असेल तरच कुठे दोन वाक्यं पुरतील आणि कुठे थांबायलाच हवं हे कळतं. प्रत्येक फेरीनंतर घरी तिला तेच भाषण पुन्हा द्यायला लावा. इतक्या लवकर सुधारणा दुसऱ्या कशाने झालेली मी पाहिलेली नाही.

पुराव्याची कार्डं, म्हणजे लेख-पुस्तकांतले उतारे, वाचताना तिने फक्त ठळक केलेल्या ओळी वाचून पुढे जाऊ नये. आजूबाजूचा परिच्छेदही वाचावा, क्रॉस-एक्समध्ये नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. आणि फेरीआधी टॅबरूम या स्पर्धांच्या वेबसाइटवर परीक्षकाचा पॅराडाइम, म्हणजे तो निकाल कसा देतो याचं त्याने लिहिलेलं टिपण, जरूर बघावा. कितीतरी परीक्षकांनी तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की त्यांना भरधाव बोलणं चालत नाही.